कस्तुराबाईंच्या गोठ्यातला बॉस

वालूरला कस्तुराबाईंच्या घरी दुपारी वाढण्याचा एक क्रम ठरलेला आहे आणि तो कोणत्याही पाहुण्यासाठी बदलत नाही. आधी देवाला नैवेद्य. मग तुळसा गायीला घास, खंड्या कुत्र्याला चतकोर भाकरी, मांजराला दूधभात, पत्र्यावर कावळ्याचा घास, आणि हे सगळं मार्गी लागलं की घरधनी बन्सीधर.

"माझा नंबर कावळ्याच्या मागं," ते पारावर बसून सांगतात. "कावळा गावाला गेला की आपल्याला उपास."

मांजराचं नाव पटवारी. ते बन्सीधरांनीच ठेवलं. कुणाच्याही घरात न विचारता शिरायचं, कानाकोपरा तपासायचा आणि काही ना काही तोंडात धरूनच बाहेर पडायचं, असा त्याचा रिवाज. खंड्या म्हातारा झालाय. पाहुणा येतो, चहा पितो, चपला घालून निघतो, तेव्हा कुठे तो उठून भुंकतो. आणि तुळसा म्हणजे लाल कंधारी गाय. अंगावर तेल लावल्यासारखी चमक, डोळे मोठे, आणि स्वभाव असा की घर तिचं आहे आणि बाकीचे तिच्याकडे राहायला आले आहेत.

कस्तुराबाई दिवसभर या सगळ्यांशी बोलत असतात. आवाज एकच, सूर एकच. "कुठं तोंड घालायलास?" असं ऐकू आलं की गल्लीतल्या माणसाला कळत नाही, हे मांजराला आहे की बन्सीधरांना. कधी कधी दोघंही एकदम थबकतात.

त्यांच्या सगळ्या गोतावळ्यात तुळसाचा मान मोठा, त्याला कारण होतं. श्रावणी सोमवारी गावच्या महादेवाला पहिला अभिषेक होतो तो या घरच्या दुधाचा. सासूबाईंपासून चालत आलेलं. कुणी ठराव केलेला नाही, पण सिताराम गुरव कस्तुराबाईंचा लोटा आल्याशिवाय पळी उचलत नाही. कस्तुराबाईंनी आयुष्यात दुसरा मान कधी मागितला नाही. हळदीकुंकवाला मागं बसतात, लग्नात आहेराच्या साडीचा रंगसुद्धा बघत नाहीत. पण तो लोटा पदराआड धरून देवळाची पायरी चढताना त्या जरा सावकाश चढतात. लोकांना नीट दिसावं म्हणून.

यंदा ज्येष्ठात तुळसाचं वासरू गेलं. तेव्हापासून तिचं दूध म्हणजे मिनतवारीचं काम झालं होतं. सरकीचं आंबोण समोर ठेवायचं, पाठीवर हात फिरवायचा, भूपाळी म्हणायची, तेव्हा कुठे बाईसाहेब पान्हा सोडायच्या. भूपाळी चुकली तर थांबायच्या.

अशात श्रावणाच्या तोंडावर परभणीहून मुलगा महारुद्र आणि सून राजेश्री मोटारसायकलवर आले. राजेश्रीच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी पांढरं, झुबकेदार होतं.

"मेंढीचं पिल्लू आणलंस का?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"कुत्रं हाय, आई," महारुद्र म्हणाला.

"कुत्रं असं असतं का? खंड्याला दाखव. त्याला पटतंय का बघू."

खंड्याने एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला. कुत्र्याचं नाव बॉस असल्याचं कळल्यावर बन्सीधर बाजेवरूनच म्हणाले, "आपल्या घरात ती जागा भरलेली हाय."

राजेश्री हसली, पण तिचे डोळे भरले होते. महारुद्र दिवसभर कामावर आणि ती भाड्याच्या दोन खोल्यांत एकटी. तिच्या मैत्रिणीने हे पिल्लू दिलं, तेव्हापासून घरात बोलायला कुणीतरी झालं होतं. आता घरमालक म्हणत होता, कुत्रं तरी ठेवा नाहीतर खोली तरी.

"दुसरं घर मिळेस्तोवर ठिवा, आत्या. मिळालं की घेऊन जाते. तुमचा शब्द द्या, ह्याला कुणाला देणार न्हाई म्हणून."

"कुणाला देईन? तुझं हाय, तुलाच मिळंल," कस्तुराबाई म्हणाल्या. "पर वसरीच्या आत पाय न्हाई ठिवायचा. देवघराकडं फिरकलं तर मी हाय अन् ते हाय."

एवढं दटावलं, आणि लगेच आत जाऊन कुंकवाचा करंडा, तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या.

"आता त्याची वटी भरतीस का?" बन्सीधर म्हणाले.

"दावणीला आलेलं जनावर हाय. कोरडं घेत न्हाईत."

नवा बैल घरी आल्यावर करतात तसं सगळं झालं. बॉसच्या पायांवर पाणी, कपाळाला कुंकू, भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो तुकडा खंड्याने हवेतच झेलला. बॉसने पाणी झटकलं, त्याबरोबर कुंकू डोळ्यांपर्यंत उतरलं आणि पुढचे काही दिवस तो सरपंचाची निवडणूक जिंकून आल्यासारखा दिसत होता. वाढण्याच्या क्रमात त्याला खंड्याच्या मागे आणि पटवारीच्या पुढे बसवलं. पटवारीने त्याच दुपारी त्याच्या नाकावर पंजा मारून आपली हरकत नोंदवली, पण ते प्रकरण तिथंच मिटलं.

मिटलं नाही ते तुळसाचं.

बॉसने जन्मात गाय पाहिली नव्हती. संध्याकाळी कस्तुराबाई धारेला बसल्या, तुळसा नुकती पान्हावली, आणि हा गव्हाणीखालून बाहेर येऊन तिच्या तोंडासमोर उभा राहून भुंकला. त्याचं भुंकणं म्हणजे सायकलची घंटी. पण तुळसाने लाथ झाडली ती अशी की चरवी न्हाणीच्या दगडापर्यंत गेली. दूध मातीत. कस्तुराबाई शेणात. आणि बॉस सुरक्षित अंतरावरून शेपटी हलवत, आपण घर वाचवलं अशा तोऱ्यात.

दुसऱ्या दिवसापासून तुळसाने पान्हा चोरला. कास भरलेली, सड तट्ट, पण ओढून ओढून बोटं दुखली तरी दूध निघेल ते चहापुरतं. आंबोण खायची, भूपाळी ऐकून घ्यायची, शेवटी मान वळवून बघायची, झालं का तुमचं, असं. बॉसला वसरीवर बांधून ठेवलं तरी तेच. तो दिसला नाही की त्याचा आवाज येई, आवाज आला नाही की वास येत असावा.

पहिला श्रावणी सोमवार जवळ आला.

"डेअरीतून आणू की," बन्सीधर म्हणाले.

"महादेवाला पिशवीचं दूध घालू?"

"महादेवानं हालाहल पचवलं. त्यापुढं पिशवीचं काय घिऊन बसलीस?"

त्या संध्याकाळी कस्तुराबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि बन्सीधरांना भाजीत मीठही मिळालं नाही.

खरा काटा शेजारून आला. शेजारची सरजाबाई कुंपणावरून डोकावली. तिच्या म्हशीला त्या दिवसांत दूध मावत नव्हतं आणि तिला शेजारधर्म.

"कस्तुरे, तुळसा आटली म्हणं. तू आजाबात फिकीर करू नको. औंदा सोमवारचं दूध मी नेते."

"आटली न्हाई. जरा नाराज हाय."

"तेच की. ती नाराजच राहू दे. माझी म्हैस लय खुशीत हाय."

कस्तुराबाई हसल्या आणि आत येऊन पिठाच्या डब्याचं झाकण जोरात लावलं. एकदा का म्हशीचा लोटा त्या पायरीवरून वर गेला की पुढच्या साली परत कोण मागणार? मागायचं तर त्यांना जमतच नव्हतं.

त्यांनी सुनेला फोन लावला. राजेश्रीने मोबाइलवर कुठंतरी पाहिलं होतं की घरात नवं जनावर आणलं की वासाची ओळख करून द्यायची. याचं फडकं त्याच्यापाशी ठेवायचं, त्याचं याच्यापाशी. कस्तुराबाईंना हे पटलं. त्यांनी बॉसचा टॉवेल गव्हाणीवर टाकला.

सकाळी राजेश्रीचा फोन. "आत्या, टॉवेल ठिवला का? काय केलं तुळसानं?"

"खाल्ला."

"खाल्ला?"

"काठासकट. आता वास वळखीचा झाला असंल. पोटातच हाय तिच्या."

पूजेला बसल्यावर त्यांची नजर दत्ताच्या तसबिरीवर गेली. मागे गाय उभी, पायाशी चार कुत्री, आणि कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. कस्तुराबाईंनी फूल वाहिलं आणि हात जोडूनच तक्रार केली. "महाराज, चार कुत्र्यायला अन् एका गायीला तुमी एका फोटोत बसवलंत. माझ्याच्यानं एकच कुत्रं निभायलं न्हाई. काही तरी सुचवा."

पुढे त्या सगळ्यांना सांगत की सुचवलं ते महाराजांनीच. पण खरं म्हणजे त्यांना सासूबाई आठवल्या. एका गायीखाली दुसऱ्या गायीचं वासरू लावायचं होतं तेव्हा सासूबाईंनी त्या वासराला गुळा-मिठाचं पाणी चोळलं होतं, वरून पेंडीचा भुगा लावला होता. गायीने चवीला म्हणून चाटलं, आणि चाटता चाटता आपलं म्हटलं. कस्तुराबाई तेव्हा नव्या नवरी होत्या, घमेलं धरून उभ्या. आता त्यांना एवढंच पाहिजे होतं की तुळसाने या पोराला ओळखावं आणि बिचकणं सोडावं.

"धरा त्याला," त्या बन्सीधरांना म्हणाल्या.

"कुत्र्याला गूळ चोळतीस? लोकं काय म्हणतील?"

"लोकायला कोण चोळायलंय?"

बन्सीधरांनी धरलं. कस्तुराबाईंनी हात सैल सोडून चोळलं. तो पांढरा झुबका बसून गेला आणि आतून निघाला एक लहानसा, बारीक पायांचा, तपकिरी जीव, पेंडीत घोळलेला. त्याला गव्हाणीपाशी नेईपर्यंत खंड्या उठला. पाहुणा जायच्या आधी उठण्याची त्याची ही पहिलीच वेळ. तो एका बाजूने चाटायला लागला. पटवारी पत्र्यावरून उतरला, लांबून वास घेतला, आणि सगळी हरकत मागे घेऊन शेपटीच्या बाजूला बसला. बॉसला कळेना, आपला सत्कार चाललाय की जेवण.

मग तुळसाने मान खाली घातली. फुस्स करून श्वास सोडला. बन्सीधर मागे सरकले. तिने जीभ काढली आणि बॉसच्या पोटाखालून पाठीपर्यंत एक हात फिरवावा तशी फिरवली. बॉस जमिनीवरून उचलला गेला आणि परत खाली आला. दुसरी जीभ. परत वर, परत खाली. तिसऱ्या वेळेला त्याने डोळेच मिटले.

कस्तुराबाई बघत होत्या. तुळसाच्या सडांतून थेंब गळायला लागले होते. भूपाळी न म्हणता.

"चरवी आणा," त्या हळू म्हणाल्या. "पळा, आवो."

पहिल्या सोमवारचा लोटा तोंडापर्यंत भरून गेला. कस्तुराबाई पायरी जास्तच सावकाश चढल्या.

पण एक घोळ झाला होता आणि तो त्यांच्या लक्षात यायला दोन-चार धारा गेल्या. त्यांनी ओळख करून द्यायला म्हणून चोळलं होतं, तुळसाने ते दत्तकविधान म्हणून घेतलं. आता बॉस समोर असला तरच पान्हा. नसला तर नाही. गूळ-मीठ बंद केलं तरी तेच. धारेच्या वेळी त्याला वासरासारखं तुळसाच्या पुढच्या पायाशी बांधायचं, ती चाटत राहायची, दूध धो धो. बॉसनेही नोकरी मनावर घेतली. चरवीचा आवाज आला की असेल तिथून पळत येऊन आपल्या जागेवर उभा. धार संपली की त्याला वाटीभर फेस. वसरीच्या आत पाय ठेवायचा नाही ही अट पाळायची कुणाला गरजच उरली नाही, कारण तो गोठ्यातून हलत नव्हता.

गल्ली बघायला येऊ लागली. सरजाबाई कुंपणावरून म्हणाली, "कस्तुरे, तुझी गाय कुत्र्याला पाजायली म्हणं."

"पाजत न्हाई. समोर हुबा राहतो नुसता."

"कुत्रं हुबं करून काढलेलं दूध देवाला चालतं का? मी आपलं इचारते. मला काय कळतंय त्यातलं?"

हे मात्र कस्तुराबाईंच्या जिव्हारी लागलं. सोवळंओवळं पाळणारी बाई. त्या सरळ सिताराम गुरवाकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं, गुळा-मिठापासून.

गुरव बेल निवडत होता. "काकू, दूध कुणाच्या सडातून आलं?"

"तुळसाच्या."

"मग कुत्र्याचा काय संबंध? माझ्या लग्नात बेंडवाला माझ्याम्होरं हुबा होता. म्हणून काय त्याच्याशी लगीन लागलं का?"

दुसरा, तिसरा सोमवार गेला. शेवटच्या सोमवारच्या आदल्या दिवशी महारुद्र आणि राजेश्री आले. परभणीला घर मिळालं होतं. पुढे अंगण, आणि घरमालकाच्या स्वतःच्या घरात कुत्री. राजेश्रीने दारातूनच हाक मारली. गोठ्यातून एक चप्प बसलेल्या केसांचा, शेणाचा वास येणारा, पोट सुटलेला प्राणी आला आणि तिच्या अंगावर उड्या मारू लागला.

"आत्या, ह्याचे केस कुठं गेले?"

"हायत की. गायीनं बसवलेत."

राजेश्री त्याला कुशीत घेऊन बसली ती उठेचना. किती बोलली त्याच्याशी. कस्तुराबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. संध्याकाळी त्यांनी मुद्दाम बॉसला सुनेपाशीच ठेवलं आणि एकट्या धारेला गेल्या. रिकामी चरवी घेऊन परत आल्या.

"सांग की तिला," बन्सीधर कुजबुजले.

"काय सांगू? सुनेचं हाय. माझा शब्द गेलेला हाय."

"अगं, पर उद्या सोमवार."

"म्हणून काय तिच्या मांडीवरचं काढून घिऊ? दिवसभर एकटी असते ती तिकडं."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बन्सीधरांना एवढं माहीत होतं की ही बाई गुरवाला जाब विचारेल, देवाशी भांडेल, पण माणसाकडे काही मागणार नाही.

सोमवारी सकाळी महारुद्रला कामावर वेळेत पोचायचं होतं. कस्तुराबाई त्यांना निरोप द्यायलाही आल्या नाहीत. गोठ्यात तुळसापाशी बसून भूपाळी म्हणत होत्या, एक संपली की दुसरी. तुळसा ऐकतच नव्हती. तिचे कान गल्लीकडे. शेजारच्या दारात सरजाबाई लुगडं नेसून, लोटा घेऊन, वर बेलाचं पान ठेवून तयार उभी होती.

मोटारसायकल सुरू झाली. राजेश्रीच्या मांडीवरून बॉस घंटीसारखा भुंकला.

तुळसाने एक हिसका दिला. खुंटा उपटला. दावं आणि खुंटा मागे फरफटत, ती दारातून, तुळशीवृंदावनाला वळसा घालून गल्लीत. कस्तुराबाई चरवी घेऊन तिच्या मागे, बन्सीधर टोपी सावरत त्यांच्या मागे, आणि सगळ्यात शेवटी खंड्या, काय झालं ते माहीत नसताना. महारुद्रने आरशात लाल कंधारी येताना पाहिली आणि गाडी जागच्या जागी थांबवली. तुळसा आडवी उभी राहिली. तिने मान पुढे केली आणि चाटायला सुरुवात केली. बॉसला चाटलं, राजेश्रीच्या साडीला चाटलं, तिच्या गालाला चाटलं, परत बॉसला.

आणि रस्त्यात, धुळीत, दूध ठिबकायला लागलं.

कस्तुराबाई तिथंच बसल्या आणि धार काढू लागल्या. येणारी बैलगाडी थांबली. तिच्या मागे एक टेम्पो थांबला. कुणी हॉर्न वाजवला नाही.

"गाडी बंद कर," कस्तुराबाई खालून म्हणाल्या. "धुराचा वास लागंल दुधाला."

"आई, मला उशीर व्हायलाय."

"तुझ्याआधी महादेवाला झालाय."

राजेश्री बॉसला घट्ट धरून बसली होती. चरवीत धारेचा आवाज भरत गेला तसं तिला सगळं उमगत गेलं. "आत्या, आधी कामून सांगितलं न्हाई?"

कस्तुराबाईंचं कपाळ तुळसाच्या पोटाला टेकलेलं होतं. "कुत्रं तुझं हाय. मी कसं मागू?"

"तुमी मागू नका. तुळसा मागायलीच हाय." राजेश्री गाडीवरून उतरली आणि बॉसला तुळसाच्या पुढच्या पायाशी, त्याच्या जागेवर, खाली ठेवलं. मग जरा थांबून म्हणाली, "पर मला पण करमत न्हाई त्याच्याबिगर."

"मग तू रहा की. तुला कुणी हाकललंय?" कस्तुराबाई म्हणाल्या. "पोळा झाल्यावर जा. पुन्हा वाटंल तवा ये. परभणी कुठं लांब हाय."

महारुद्रने आईकडे, बायकोकडे आणि गायीकडे बघितलं. त्या तिघींत आपलं मत कुणी विचारणार नाही हे त्याला कळलं. त्याने राजेश्रीची पिशवी काढून बन्सीधरांच्या हातात दिली आणि गाडी तुळसाच्या बाजूने हळूच काढून घेतली.

लोटा भरला. कस्तुराबाईंनी पदर सारखा केला आणि निघाल्या. सरजाबाई आपला लोटा घेऊन अजून दारातच उभी होती.

"माझ्या दुधाचं काय करू आता?" ती म्हणाली.

"चल की. आधी माझा, मग तुझा. हुबी राहू नको, नासंल."

दोघी देवळाकडे चालू लागल्या. गल्लीच्या कोपऱ्यावर कस्तुराबाईंनी मागे वळून बघितलं. टेम्पो आणि बैलगाडी अजून तिथंच अडकलेली. बन्सीधर हातात खुंटा घेऊन, तो कुठं ठोकावा याचा विचार करत उभे. आणि राजेश्री, चांगल्या साडीत, रस्त्यावर उकिडवी बसून तुळसाच्या गळ्याखाली खाजवत होती आणि तिला परभणीच्या नव्या घराची सगळी हकीकत सांगत होती.